धीवराचा धर्म

अमावास्या आली अथवा पितृपक्ष लागला म्हणजे आपल्या रामघाटावर कणकेच्या गोळ्यांना मोठी मागणी येते. यात्रेकरू त्या पाण्यात सोडतात, मासे तोंडे वर काढून त्या टिपतात आणि टाकणाऱ्याच्या मुद्रेवर एक प्रकारचे समाधान उमटते. हीच क्षिप्रा पुढे चंबळेस मिळते आणि त्या चंबळेवर १९६० साली पुऱ्या झालेल्या गांधीसागर धरणाच्या विस्तीर्ण जलाशयात मच्छीमारांची कुटुंबे जाळी टाकून आपले पोट भरतात. वरच्या अंगास मासे पोसणारा, खालच्या अंगास मासे धरणारा. पहिल्याच्या खाती पुण्य आणि दुसऱ्याच्या खाती पाप, असा जमाखर्च आपण बहुतेक जण फारसा विचार न करता मांडतो. हा जमाखर्च बरोबर आहे काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात आमचा हेतू आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आमच्या घरी मत्स्याहार नाही व पुढेही होण्याचा संभव नाही. तेव्हा आम्ही कोणाच्या ताटाची वकिली करीत आहोत, असा ग्रह वाचकांनी करून घेऊ नये. शालान्त परीक्षेच्या पलीकडे आमचे शिक्षण गेलेले नाही. परंतु पुरोहिताच्या घरात वाढल्यामुळे धर्मग्रंथांतील चार गोष्टी कानांवरून गेल्या आहेत, आणि त्या गोष्टींनीच आम्हांस ह्या विचारात पाडले.

आमच्यापैकी पुष्कळांची अशी समजूत असते की, हिंदु धर्माने माशास हात लावण्याची सरसकट मनाई केली आहे. वस्तुस्थिती तशी नाही. बंगालचे, मिथिलेचे, काश्मीरचे ब्राह्मण मासे खातात. गोमंतकातील व कोकणातील सारस्वतांच्या घरी तो नित्याचा आहार आहे. आपल्या महाकालेश्वराच्या मंदिराचा अठराव्या शतकात जीर्णोद्धार केला तो राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर ह्यांनी. ते शेणवी होते, म्हणजे ज्या ज्ञातीत मत्स्याहार परंपरेने चालत आला आहे त्या ज्ञातीचे. महाकालाने त्यांची सेवा परत केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मनुस्मृतीचे म्हणावे तर तिच्यात दोन्ही बाजू सापडतात. मासे खाणारा सर्व प्रकारचे मांस खाणाऱ्यासारखाच होय, असे ती एके ठिकाणी बजावते. लगेच पुढे रोहित व पाठीन ह्या दोन माशांस देवकार्यात व पितृकार्यात मुभा देते. आणि आणखी पुढे निषादांची वृत्ती म्हणून मत्स्यवधच सांगते. ज्याने ते कर्म करावे असे शास्त्रच सांगते, त्यास ते केल्याबद्दल शास्त्रच हीन लेखते, हा गुंता आम्हांस कधी नीट उलगडला नाही. मात्र त्याच ग्रंथात एक विचार असा आहे की तो आपण सोयीस्करपणे विसरतो. प्राण्याचा वध करणारा तेवढाच घातक असे मनु म्हणत नाही. त्यास अनुमती देणारा, कापणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा ह्या सर्वांस तो एकाच पंक्तीत बसवितो. समाजाने मात्र त्या पंक्तीतून नेमका जाळे टाकणारा तेवढा वेगळा काढला आणि त्यास गावाबाहेर घर दिले.

ह्या प्रश्नास तोंड फोडणारा पहिला साहित्यिक आपल्याच उज्जयिनीचा म्हणून मानला जातो, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. कालिदासाचे शाकुंतल सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यातील सहाव्या अंकाच्या प्रारंभीच्या प्रवेशकाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. शक्रावतार येथील एका धीवरास रोहित माशाच्या पोटात राजाची मुद्रिका सापडते. ती विकावयास निघाला असता राजपुरुष त्यास चोर समजून पकडतात, मारझोड करतात आणि मासे मारण्याचा आपला धंदा तो सांगतो तेव्हा 'वा, काय शुद्ध उपजीविका!' ह्या भावाने त्याची टर उडवितात. त्यावर तो बांधलेल्या हातांनी जे उत्तर देतो त्याचा आशय असा की, जे कर्म जन्माबरोबर आले ते निंद्य असले तरी टाकू नये; यज्ञात पशू मारण्याचे क्रूर कर्म करणारा श्रोत्रियही मनाने दयार्द्र असतोच की. प्राकृत बोलणाऱ्या एका धीवराच्या तोंडी हे वाक्य घालण्यास कवीस किती धैर्य लागले असेल, ह्याची कल्पना करावी. पुढे राजा मुद्रिका ओळखतो व धीवरास तिच्या मोलाइतके पारितोषिक देतो. धीवर त्यातील अर्धे त्या शिपायांनाच देऊन टाकतो, आणि मग सगळे मिळून मद्याच्या दुकानाकडे वळतात. कालिदासाने त्यास संत केले नाही, हे आम्हांस विशेष आवडते. त्यास माणूस म्हणून उभे केले, एवढेच.

परंतु धीवराचे ते उत्तर पुरेसे आहे काय? जन्माने आलेले कर्म म्हणून ते निर्दोष, हा युक्तिवाद आज आम्हांस पटत नाही व पटूही नये. वाटमारी करणारांच्या घरीही वाटमारी वंशपरंपरेने येत असे. वनपर्वातील धर्मव्याधाचे विवेचन ह्याहून खोल जाते. कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणास एक गृहिणी मिथिलेस धाडते, तेथे त्यास धर्म सांगणारा भेटतो तो बाजारात मांस विकत बसलेला व्याध. हा व्याध आपल्या कर्मास पूर्वजांचा आधार देतोच, परंतु त्याबरोबर असेही विचारतो की, नांगर चालवताना भूमीतील जे असंख्य जीव मरतात त्यांचे काय? धान्याचा दाणा हाही जीवच नव्हे काय? चालता-बसता पायांखाली जीव मरतात. मग संपूर्ण अहिंसक असा कोण आहे? आपले कर्म घोर आहे हे तो नाकारीत नाही. तो केवळ इतकेच सांगतो की, त्या घोरपणातून सर्वथा सुटलेला मनुष्य त्याने पाहिलेला नाही.

हा नांगराचा मुद्दा पुस्तकी वाटत असेल त्याने विदर्भाच्या पूर्वेकडील तलाव पाहावेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. उतारावर मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवावयाचे, एकाचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या तलावात उतरावयाचे, आणि त्या पाण्यावर भाताची शेते पिकवावयाची, अशी ती रचना. चांद्याच्या गोंड राजांच्या आश्रयाने हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाने फार मोठे कौशल्य दाखविले. नवेगाव बांधचा प्रसिद्ध तलावही परंपरा एका कोहळी पाटलाच्या नावे सांगते. ह्याच नवेगावात वनाधिकारी म्हणून राहिलेले कै. मारुती चितमपल्ली ह्यांनी तेथील रानाबरोबर पाण्याचेही मोठ्या आस्थेने निरीक्षण केले. पक्ष्यांवर त्यांचा कोश आहे तसा माशांवरही आहे. अशा कामात धीवर हाच खरा पंडित असतो. कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो, कोणता चिखलात दडून उन्हाळा काढतो, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक?

योगायोग असा की, १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपली उज्जयिनी मध्यभारतातून मध्यप्रदेशात आली आणि त्याच दिवशी भंडारा-चांदा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेले. एका घरात आपण शिरलो आणि दुसऱ्या दाराने ते बाहेर पडले. परंतु जाण्यापूर्वी एक महत्त्वाची घटना घडली होती. मध्यप्रदेश सरकारने १९५० साली मालगुजारी नष्ट करणारा कायदा केला आणि १९५१ पासून हे तलाव मालगुजारांकडून सरकारकडे आले. तेव्हापासून त्यांना 'माजी मालगुजारी', म्हणजे लोकांच्या तोंडी 'मामा तलाव', म्हणतात. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. परंतु जो तलाव कोणा एकाचा होता तो सर्वांचा झाला आणि सर्वांचा झाला म्हणून कोणाचाच उरला नाही, असेही पुष्कळ ठिकाणी घडले. पाळीची डागडुजी राहिली, गाळ साचला, बेशरमाची झुडपे काठावरून आत शिरली. मच्छीमार सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने मिळू लागले. त्यांत कटला, रोहू, मृगळ ह्यांचे मत्स्यबीज सोडण्याची पद्धत पडली. हे मासे वाहत्या नदीचे. साचलेल्या पाण्यात ते आपण होऊन वीत नाहीत. म्हणून दर वर्षी बीज आणून सोडावे लागते. १९५७ च्या जुलैत ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी ह्यांनी संप्रेरकाच्या साह्याने त्यांचे प्रजनन घडवून आणले, त्यामुळे हे शक्य झाले. उत्पन्न वाढले हे खरे. परंतु तलावात स्वतः विणारे मरळ, मागूर, शिंगूर ह्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. आणि नवल हे की, गेल्या दोन दशकांत भंडारा-गोंदियाच्या काही गावांत हे तलाव पुन्हा जिवंत करण्यास कंबर कसली ती धीवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनीच. बेशरम उपटून काढणे आणि देशी पाणवनस्पती हातांनी लावणे, हे चिखलातील काम त्यांनी केले. मासे वाचविणारा कोण, असा प्रश्न त्या चिखलात उभे राहून विचारला तर उत्तर काय येईल?

आता नांगराकडे येऊ. त्याच तलावाच्या पाण्यावर जो भात पिकतो तो आपण निष्पाप मानतो. चिखलणी करताना बेडूक, खेकडे, गांडुळे व पहिल्या पुरात शेतांत चढून आलेले चढणीचे मासे किती मरतात, ह्याची गणती कोणी करीत नाही. त्या तांदळाचा पिंड होतो, नैवेद्य होतो. धीवराच्या हातून मरणारा मासा मात्र डोळ्यांसमोर तडफडतो, म्हणून त्याचे पाप दिसते. जे दिसते तेवढेच पाप, हा हिशेब धर्माचा नव्हे, डोळ्यांचा आहे.

येथे एक प्रसंग नमूद करावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी चंबळेकडील एक मच्छीमार आपल्या वडिलांच्या पिंडदानासाठी सिद्धवटावर आला होता. आमचे तीर्थरूप विधी सांगत होते. गोत्र विचारले तेव्हा त्याने 'कश्यप' म्हटले. धंदा कोणी विचारला नव्हता, त्याने तो आपण होऊन सांगितला. विधी आटोपल्यावर त्याने दक्षिणा पुढे केली, तेव्हा शेजारी खोळंबून बसलेले एक सुखवस्तू गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, हा पैसा आपण घेणार? त्याला माशांचा वास येत नाही काय?" तो मच्छीमार हात तसाच पुढे धरून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे आमच्याने पाहवेना. वडिलांनी काही उत्तर दिले नाही. दक्षिणा घेतली, मस्तकी लावली आणि त्यास यथाविधी आशीर्वाद दिला. संध्याकाळी घरी सोवळे वाळत घालताना ते आम्हांस म्हणाले, "अरे, हे रेशीम कशाचे होते ते ठाऊक आहे ना?" रेशमाच्या किड्याचा कोश आतील जीव जिवंत असतानाच उकळत्या पाण्यात टाकतात, म्हणजे धागा अखंड निघतो. एका धोतरास असे हजारो कोश लागतात. त्यास आपण सोवळे म्हणतो, आणि ते नेसून अहिंसेचे संकल्प सोडतो. त्या गृहस्थांचाही अंगरखा रेशमी होता.

ह्यावर कोणी म्हणेल की, सर्वांच्याच हातून हिंसा होते तेव्हा हिंसेचा विचारच नको, असे तुमचे म्हणणे दिसते. नव्हे, आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. मोठा मासा लहान माशास गिळतो म्हणून मनुष्यानेही गिळावे, हा तर मत्स्यन्याय झाला. आणि मत्स्यन्याय टाळण्यासाठीच राजा व दंड ही व्यवस्था निर्माण झाली, असे आपले अर्थशास्त्रकार सांगतात. शतपथ ब्राह्मणातील मत्स्यकथा ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक लहानसा मासा येतो. तो काय मागतो? 'माझे रक्षण कर; आम्ही लहान आहोत तोवर मासेच माशांस गिळतात.' मनू त्यास प्रथम घड्यात, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात ठेवतो, आणि पुढे महापुरात तोच मासा मनूची नौका तारून नेतो. माशाने मनुष्यापुढे ठेवलेली पहिली मागणी अभयाची आहे. ती कानांआड करून मत्स्यहिंसा निर्दोष ठरविणे आम्हांस शक्य नाही.

शिवाय माशास वेदना होत नाहीत असे जे पूर्वी सर्रास समजले जाई, त्यासही आता धक्का बसला आहे. २००३ साली लिन स्नेडन ह्या विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष व आम्ल टोचून पाहिले. ते मासे ओठ खड्यांवर घासू लागले, कित्येक वेळ खाणे सोडून राहिले. माशाच्या मेंदूची रचना पाहता हे दुःख नव्हे असे म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत आणि तो वाद अद्याप संपलेला नाही. परंतु ज्याने मरळ पाहिली आहे त्यास प्रयोगशाळेची गरज नाही. मरळीची तांबूस पिले गोळा करून पाण्याच्या पृष्ठभागाजवळ हिंडतात आणि खाली त्यांचे आईबाप पहारा करीत असतात. हे दृश्य सर्वांत चांगले ओळखतो तो धीवरच. कारण तेथे जाळे टाकले तर मोठी मरळ हमखास मिळते, आणि ती मिळाली की ती सगळी पिले इतरांच्या तोंडी पडतात. धर्माचा प्रश्न खरा येथे उभा राहतो. मारावे की न मारावे हा त्याच्यापुढील प्रश्न नसतोच, कारण घरी चूल पेटावयाची असते. त्याच्यापुढील प्रश्न असतो तो कोणास, केव्हा आणि किती, हा.

ह्याच कसोटीने पोटासाठी मासे धरणे आणि मौजेसाठी धरणे ह्यांतील भेदही कळून येतो. इंग्लंडात १६५३ साली आयझॅक वॉल्टन ह्यांनी गळाने मासे धरण्याच्या छंदावर ग्रंथ लिहिला आणि तो चिंतनशील माणसाचा विरंगुळा म्हणून मांडला. तेव्हापासून सुशिक्षित लोकांत ह्या छंदास मोठी प्रतिष्ठा आहे. अलीकडे तर मासा गळास लावावयाचा, त्याच्याबरोबर छायाचित्र काढावयाचे व त्यास पुन्हा पाण्यात सोडावयाचे, ही दया समजली जाते. स्वित्झर्लंडने २००८ साली केलेल्या प्राणिरक्षणाच्या नियमांनी, सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरण्यास मनाई केली. खावयाचा असेल तर धरा. केवळ खेळण्यासाठी जीवास यातना देऊ नका, असा त्याचा भाव. आमच्याकडे मात्र गळ घेऊन बसणारा साहेब सभ्य आणि जाळे घेऊन जाणारा धीवर हीन, असे उलटे माप इंग्रजी अमदानीपासून चालत आले आहे. ते अजून बदललेले दिसत नाही.

आता आमच्या मते ह्या सर्व प्रश्नाचे मर्म ज्या कथेत आहे तिच्याकडे वळतो. कालियामर्दन लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु कालिया त्या डोहात आला कसा, हे फारसे कोणी विचारीत नाही. भागवताच्या दशम स्कंधात त्याचे कारण दिले आहे. यमुनेच्या त्या डोहात सौभरि ऋषी तप करीत होते. एकदा गरुड भुकेने व्याकूळ होऊन तेथे आला आणि ऋषींनी वारले असताही त्याने माशांचा मुख्य उचलून खाल्ला. मागे राहिलेल्या माशांचा शोक पाहून सौभरींचे हृदय द्रवले व त्यांनी शाप दिला की, गरुड पुन्हा येथे मासे खावयास येईल तर प्राणास मुकेल. शापामागील भाव निर्मळ होता, ह्यात शंका नाही. परंतु परिणाम काय झाला? गरुडास येता येत नाही अशी ही एकच जागा आहे, हे कालियाने हेरले आणि गरुडाच्या भयाने पळत तो तेथेच येऊन राहिला. मग त्याच्या विषाने डोहाचे पाणी उकळू लागले, काठचे वृक्ष वाळले, वरून उडणारे पक्षी मरून पडू लागले. ज्या माशांसाठी शाप दिला त्यांचे काय झाले असेल, हे भागवतकारांनी लिहिलेले नाही. लिहिण्याची आवश्यकताच नव्हती.

सौभरींची दया खोटी नव्हती. ती फक्त चोचीकडे पाहत होती. पाण्याकडे तिचे लक्ष नव्हते. आपल्या क्षिप्रेची आज हीच अवस्था आहे. तीर्थक्षेत्राच्या घाटावर मासे धरणारा दिसला तर दहा माणसे धावून जातील, आणि जावेच. परंतु इंदुराहून येणारी कान्ह नदी सांडपाणी घेऊन त्रिवेणीपाशी क्षिप्रेस मिळते, तेव्हा धावून जाणारे कोणी नसते. शनैश्चरी अमावास्येच्या स्नानापूर्वी त्या पाण्यास मातीचा कच्चा बांध घालतात आणि तो पुष्कळदा वाहून जातो. २०१४ पासून नर्मदेचे पाणी क्षिप्रेत सोडण्याची योजना चालू झाली, २०१६ चा सिंहस्थ त्या पाण्यावर पार पडला. तरीही मेलेल्या माशांचा खच काठास लागलेला आपण एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे. एका रात्रीत एवढे मासे कोणत्या धीवराच्या जाळ्याने मारले असते? आणि त्या मृत माशांच्या खाती कोणाचे नाव लिहावयाचे? अनुमती देणाराही घातक, हे मनूचे वचन येथे आठवावे. ज्यांच्या घरांतील मोऱ्या नदीस मिळतात आणि ज्यांना त्याचे काही वाटत नाही, ते सर्व अनुमती देणारेच नव्हेत काय?

कणकेच्या गोळ्यांचेही थोडे सांगितले पाहिजे, जरी त्यामुळे घाटावरील काही परिचितांचा रोष ओढवेल. वाहत्या, खोल पाण्यात मूठभर कणीक टाकली तर बिघडत नाही. परंतु अडवलेल्या उथळ पाण्यात पर्वकाळी हजारो माणसे कणीक, लाह्या, फुले, दूध ओततात. माशांनी खाऊन उरते ते कुजते, आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते. मग आपण ज्यास पोसावयास गेलो तो श्वासासाठी तोंड वर काढतो, आणि आपणांस वाटते की तो गोळी मागत आहे. आपल्या सप्तसागरांची गोष्ट वेगळी नाही. अधिक मासात रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर व पुरुषोत्तमसागर ह्यांची यात्रा आपण करतो. परंतु उंडाशाचा रत्नाकरसागर सोडला तर त्यांतील कितींना आज सागर म्हणण्याचे धाडस होईल?

पूर्वजांनी ह्याहून शहाणपणाची एक रीत घालून दिली होती. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील महसीर मासे वरदायिनी देवीचे मानतात व त्यांस कोणी हात लावीत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे शिवमंदिराच्या पायथ्याशी तसेच आहे. शृंगेरीच्या तुंगा नदीतील मासे तर सर्वश्रुत आहेत. ह्या देवडोहांची खुबी अशी की, बंदी त्या डोहापुरतीच असते. नदी धीवराची राहते, डोह देवाचा राहतो. आणि देवाच्या डोहात वाढलेल्या माशांची प्रजा पुढे धीवराच्या नदीत उतरते. देवाने धीवराचे पोट मारले नाही आणि धीवराने देवाचा डोह लुटला नाही. महसीर हा २०११ पासून मध्यप्रदेशाचा राज्यमत्स्य आहे. धरणांनी अडवलेल्या नर्मदेत त्याचे प्रमाण फार घटले आहे, कारण त्यास थंड, वाहते व स्वच्छ पाणी लागते. राज्यमत्स्य ही पदवी देऊन ते पाणी मिळत नाही.

सरकारी कायदाही वस्तुतः ह्याच मर्यादेच्या विचारावर उभा आहे. सुरुंगाचे दारूकाम करून अथवा पाण्यात विष कालवून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा काळ माशांच्या विणीचा म्हणून मासेमारी बंद असते. ह्या दोन महिन्यांत धीवराच्या घरी मिळकत नसते. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या आपल्या मंडळींस त्या सक्तीच्या व्रताची जाणीव असावी. बंदी मोडून चोरून जाळे टाकणारे असतात, सुरुंग लावणारेही असतात. त्यांचे समर्थन आम्ही करणार नाही, आणि आमच्या समजुतीप्रमाणे जुना जाणता धीवरही करणार नाही. तळे एकदा सुरुंगाने उडवले की त्याच्या नातवास त्यात काही उरत नाही, हे त्यास आमच्याहून चांगले समजते.

एवढे लिहून झाल्यावर मूळ जमाखर्चाकडे पाहिले तर तो पूर्वीसारखा सरळ राहत नाही. धीवराच्या खात्यातील हिंसा खोडता येत नाही. तिच्यात खाणाऱ्याचा, विकणाऱ्याचा वाटा आहे, आणि पाणी नासवणाऱ्याचा वाटा कदाचित सर्वांहून मोठा आहे. ज्यास मासा मारण्यावाचून गती आहे त्याने तो मारू नये, हे आमचे मत कायम आहे. ज्यास गती नाही, त्याच्या हातची दक्षिणा घेण्यास आमच्या घरी संकोच होणार नाही.

सिद्धवटावर आलेला तो मच्छीमार निघताना वडिलांस एक प्रश्न विचारून गेला. जाळ्यात पोटाशी अंडी असलेली मादी आली तर तो ती सोडतो. परंतु जाळ्यातून काढताना ती पुष्कळदा हातातच मरते. मग तिचे काय करावे? विकावी, की पाण्यात टाकावी? वडील बराच वेळ विचार करीत राहिले. शेवटी त्यांनी त्यालाच विचारले, "तुमचे वडील काय करीत?" तो म्हणाला, "विकत नसत. घारींना टाकत."

वडिलांनी होकारार्थी मान हलविली, आणि पुढच्या यजमानांस बोलाविले.